डासाच्या पोटातली वीस मिनिटे

या पोरांनो, बसा. मासेमारी बंदीचे दिवस आहेत, वसईच्या पाचूबंदरच्या होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवल्या आहेत, जाळी सांधायला काढली आहेत आणि कुणालाच कुठे जायची घाई नाही. गोष्ट सांगायची तर हीच वेळ. आज मात्र राजाची नको आणि राक्षसाचीही नको. आज एका अशा जिवाची गोष्ट ऐका, ज्याला हात नाहीत, पाय नाहीत, डोळे नाहीत, मेंदू नाही. तो इतका बारीक की माणसाच्या रक्तातल्या एका तांबड्या पेशीत सहज मावतो. आणि ती तांबडी पेशी तरी केवढी? एका मिलिमीटरच्या रेघेवर अशा सव्वाशे पेशी एकीला एक लावून बसतील. या जिवाचं नाव प्लाझमोडियम. हिवताप आणतो तो हाच.

हिवतापाची एक खूण तुमच्या पणज्यांनाही माहीत होती. हा ताप वेळ पाळून येतो. आज दुपारी हुडहुडी भरली, गोधड्यांवर गोधड्या घातल्या, मग अंग भाजून निघालं, मग दरदरून घाम फुटला आणि ताप उतरला. उद्याचा दिवस बरा गेला. परवा त्याच सुमाराला पुन्हा हुडहुडी. लोक त्याला एकांतरा म्हणायचे. मध्ये दोन दिवस सोडून येणारा चौथरा वेगळा. अंगारेधुपारे झाले, गंडेदोरे झाले, पण ताप वेळ कसा काय पाळतो हे कुणाला उमगत नव्हतं.

ते उमगलं इटलीतल्या कॅमिलो गॉल्जी यांना, १८८५-८६ च्या सुमाराला. त्यांनी रुग्णांचं रक्त पुन्हा पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि तापाच्या वेळांशी ताडून पाहिलं. तेव्हा कळलं की थंडी भरते ती नेमकी त्या वेळी, जेव्हा रक्तातल्या असंख्य तांबड्या पेशी एकदम फुटतात आणि त्यांतून जंतूंची नवी पिल्लं बाहेर पडतात. एकांतऱ्यात हे दर ४८ तासांनी घडतं, चौथऱ्यात दर ७२ तासांनी. एकाचे अनेक व्हायला हा जंतू जेवढा वेळ घेतो, तेवढीच उसंत रोग्याला दोन तापांच्या मध्ये मिळते.

तर आपली आजची गोष्ट एवढीच आहे, की एकाचे अनेक होतात कसे?

आधी आपल्या शरीरात काय होतं ते पाहू. खरचटलेलं कोपर भरून येतं, नखं वाढतात, तुम्ही वर्षाकाठी चार बोटं उंच होता, ते सगळं एका पेशीच्या दोन झाल्यामुळे. पेशीच्या आत केंद्रक असतं, त्यात आपली ४६ गुणसूत्रं असतात आणि शरीर कसं घडवायचं याचा सगळा मजकूर त्या गुणसूत्रांत लिहिलेला असतो. पेशी दुभंगायच्या आधी या सगळ्या मजकुराची नक्कल उतरवली जाते. आणि मग येतं खरं अवघड काम, ते म्हणजे वाटणी. प्रत्येक गुणसूत्राची एक प्रत इकडे आणि एक तिकडे गेलीच पाहिजे. एखादं जरी चुकीच्या बाजूला गेलं तरी ती पेशी बिघडते, नाहीतर मरते.

आपल्या किनाऱ्यावर बोंबील वाळवायच्या वलांड्या तुम्ही रोज पाहता. दोन टोकांना बांबू रोवलेले, त्यांच्यामध्ये ताणून बांधलेल्या दोऱ्या, आणि दोऱ्यांवर जबड्यात जबडा अडकवून टांगलेले बोंबील. वाटणीच्या वेळी पेशी असंच काहीसं उभारते. दोन टोकांना दोन ध्रुव, मध्ये अतिशय बारीक नळ्या, आणि त्या नळ्यांना धरलेली गुणसूत्रं. या मांडणीला तर्कू म्हणतात आणि नळ्यांना तर्कूतंतू. ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनाचे कण एकावर एक रचून ही नळी बनते. तिची जाडी किती? मिलिमीटरचा चाळीस हजारावा भाग. पण वलांडीत आणि तर्कूत एक मोठा फरक आहे. वलांडीची दोरी जेवढी बांधली तेवढीच राहते. तर्कूची नळी टोकाला कण जोडले की वाढते, कण सुटले की आखडते, आणि वाटणी झाली की सगळा तर्कूच मोडून टाकला जातो. त्याचे कण पेशी दुसऱ्या कामाला लावते.

आपल्या पेशीत हे काम ठरलेल्या क्रमाने चालतं. गुणसूत्रं गुंडाळून जाड आणि आखूड होतात. केंद्रकाभोवतीचं आवरण विरघळतं. तर्कू उभा राहतो. गुणसूत्रं मधोमध रांगेत येतात, दोन्ही बाजूंना ओढली जातात, आणि शेवटी पेशी मधून चिमटली जाऊन एकीच्या दोन होतात.

आता प्लाझमोडियमची तऱ्हा ऐका. त्याच्याजवळ गुणसूत्रं फक्त १४. ती तो आपल्यासारखी जाड गुंडाळत नाही, म्हणून साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ती मोजताच येत नसत. केंद्रकाचं आवरणही तो विरघळू देत नाही. सगळा तर्कू त्या बंद केंद्रकाच्या आतच उभारतो आणि तिथल्या तिथे वाटणी उरकतो. आणखी नवल म्हणजे, तांबड्या पेशीत बसलेला जंतू केंद्रकाची दोन केंद्रकं करतो, पण स्वतः दुभंगत नाही. दोनांची पुढे आणखी होतात, तरीही अंग एकच. शिवाय प्रत्येक केंद्रक आपापल्या वेळाने चालतं. एकाची वाटणी सुरू असते तेव्हा शेजारचं अजून नक्कल उतरवत असतं. त्यामुळे संख्या २, ४, ८ अशी शिस्तीत चढत नाही. कधी ५ केंद्रकं दिसतात, कधी ११. शेवटी मात्र सगळी एकदम सावध होतात, प्रत्येक केंद्रकाभोवती आपापलं अंग आणि आपापलं आवरण तयार होतं, आणि मग पेशी फुटते. सगळ्यांत घातक जो फाल्सिपेरम जातीचा जंतू, त्याची एका तांबड्या पेशीतून साधारण १६ ते ३२ पिल्लं निघतात. ती पुढच्या काही मिनिटांत नव्या तांबड्या पेशींत शिरतात आणि तेच पुन्हा सुरू होतं.

काय म्हणालीस बाय? दोऱ्या आहेत हे कळलं, पण ओढतं कोण?

खरा प्रश्न विचारलास. या प्रश्नाचं उत्तर समुद्रातून आलं. आपल्या जाळ्यात माकूल येतो ना, ज्याला आता बाजारात सगळे स्क्विडच म्हणतात, त्याच्या जातीचा एक प्राणी अमेरिकेच्या किनाऱ्यावरही सापडतो. त्याच्या अंगात एक मज्जातंतू असतो, तो इतका जाड की नुसत्या डोळ्यांनी दिसतो. त्यातला रस काढून काचेवर घेतला, तर पेशीच्या आतले बारीक कण कुणीतरी वाहून नेत असल्याप्रमाणे एका दिशेने सरकताना दिसतात. त्यांना नेतं कोण, हे शोधायला रॉन व्हेल आणि मायकेल शीट्झ या दोन शास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात काम सुरू केलं. पण त्या वर्षी एल निनोमुळे तिथला समुद्र तापला होता आणि माकूल किनाऱ्याकडे फिरकलाच नाही. पाणी तापलं की मासळी ठिकाण बदलते, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. दोघांनी आपलं बिऱ्हाड उचललं आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला, अटलांटिक महासागराच्या काठी वुड्स होल नावाच्या गावात गेले. तिथे सागरी जीवशास्त्राची जुनी नावाजलेली प्रयोगशाळा आहे आणि माकूलही मिळतो. थॉमस रीस यांच्यासह तिथे काम करून १९८५ साली त्यांनी ओझं वाहणारं ते प्रथिन वेगळं काढून दाखवलं. त्याचं नाव त्यांनी ठेवलं कायनेसिन.

कायनेसिन हे मोटर प्रथिन. मोटर म्हणजे इंधन खाऊन हालचाल करणारी वस्तू, आणि कायनेसिन अगदी तेच करतं. त्याला दोन पाय असतात. एक पाय नळीवर रोवलेला, तेवढ्यात दुसरा पुढे. प्रत्येक पावलाला एटीपी या इंधनाचा एक रेणू खर्च होतो आणि एक पाऊल पडतं ८ नॅनोमीटरचं. असं चालत चालत एक मिलिमीटर जायचं तर सव्वा लाख पावलं टाकावी लागतील. तरी तो गडी एका सेकंदात शंभराच्या आसपास पावलं टाकतो.

कायनेसिनाचं एक मोठं कुटुंब आहे आणि कुटुंबात प्रत्येकाचं काम निराळं. काही कायनेसिनं ओझं उचलून चालतात. कायनेसिन-५ च्या दोन्ही टोकांना पाय असतात. ते एका टोकाने एक नळी धरतं, दुसऱ्या टोकाने दुसरी, आणि चालता चालता दोन्ही नळ्या उलट दिशांना सरकवतं, त्यामुळे तर्कूचे दोन ध्रुव एकमेकांपासून दूर जातात. कायनेसिन-८ जातीची प्रथिनं नळीच्या टोकाशी जाऊन तिची लांबी आवरतात. कायनेसिन-१३ तर चालतच नाही. ते नळीच्या टोकाचे कण सोडवून तिला आखूड करतं. नळी आखडली की तिला धरलेलं गुणसूत्र ध्रुवाकडे खेचलं जातं. म्हणजे बाय, दोऱ्या ओढणारे, ढकलणारे, लांबी आवरणारे आणि सोडवणारे असे सगळे मिळून ही वाटणी करतात.

ही मोटर प्रथिनं पाहायला अमेरिकेलाच जावं लागतं असं समजू नका. वसई रोडहून चर्चगेटची लोकल धरा, तिथून बसने कुलाब्याच्या पार टोकाला नेव्ही नगरला जा. तिथे समुद्राला लागून टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. रूप मल्लिक यांनी तिथल्या प्रयोगशाळेत लेसरच्या झोतात बारीक मणी पकडून, मोटर प्रथिनं एकेकटी किती जोर लावतात आणि टोळीने लावतात तेव्हा किती, हे वर्षानुवर्षं मोजलं. त्या कामासाठी त्यांना २०१८ चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला. नंतर ते पवईच्या आयआयटीत गेले.

आता या गोष्टीतल्या सगळ्यांत अजब भागाकडे येऊ. नीट ऐका.

रक्तातले सगळेच जंतू पिल्लं घालून पेशी फोडत नाहीत. काही थोडे जंतू वेगळी वाट धरतात. ते नर आणि मादी होतात आणि मग काहीच करत नाहीत. तांबड्या पेशीत गप्प बसून राहतात. त्यांच्यामुळे ना ताप येतो, ना थंडी वाजते. ते वाट पाहतात अॅनोफेलिस डासाच्या मादीची. ती आली, चावली आणि तिने रक्ताबरोबर त्यांना शोषून घेतलं, तरच त्यांचा पुढचा जन्म. नाहीतर तिथेच शेवट.

आपण डासाच्या पोटात आलो हे त्या जंतूला कळतं कसं? आपल्या रक्ताची ऊब ३७ अंश असते. डासाचं अंग त्याहून थंड. पोटात आल्यावर जंतूभोवतीची ऊब एकदम काही अंशांनी उतरते. रक्ताची आम्लताही बदलते. आणि डासाच्या अंगातलं झँथुरेनिक आम्ल नावाचं एक द्रव्य त्याला लागतं. त्या आम्लाची ही भूमिका १९९८ मध्ये कळली. हे इशारे मिळाले की नर जंतू काही सेकंदांत जागा होतो आणि कामाला भिडतो.

मग जे होतं ते पाहून शास्त्रज्ञही थक्क झाले. त्या नराजवळ मजकुराची एक प्रत असते, सुमारे २ कोटी ३० लाख अक्षरांची. तिच्या तो दोन करतो, दोनाच्या चार, चाराच्या आठ. आपली एक पेशी आपला मजकूर एकदा उतरवायला कित्येक तास घेते. हा पठ्ठ्या तीनदा नक्कल उतरवतो आणि तेही दहा मिनिटांच्या आत. प्रत्येक खेपेला केंद्रकाच्या आत तर्कू उभे राहतात, आधी एक, मग दोन, मग चार. केंद्रक मात्र सगळा वेळ एकच, बंदच्या बंद. त्याच वेळी केंद्रकाच्या बाहेर दुसरं काम जोरात सुरू असतं. तिथे नळ्यांच्या जुळण्या करून आठ शेपट्या बांधल्या जातात. प्रत्येक शेपटीत कडेने नऊ जोड्या आणि मधोमध दोन नळ्या. माणसाच्या शुक्राणूच्या शेपटीतही हीच मांडणी असते. शेवटी प्रत्येक शेपटीला मजकुराची एक एक प्रत मिळते आणि एका गोल जंतूच्या अंगातून आठ वळवळणारे धागे जोराने बाहेर झेपावतात. इशारा मिळाल्यापासून इथपर्यंत लागतात दहा ते वीस मिनिटं. तेवढ्यात एकाचे आठ नर झाले. आता ते मादीला शोधायला निघतात.

हे दृश्य पहिल्यांदा पाहिलं अल्फोन्स लॅव्हरां या फ्रेंच लष्करी डॉक्टरने, अल्जीरियातल्या कॉन्स्टंटाईन गावी, ६ नोव्हेंबर १८८० रोजी. एका तापाने आजारी सैनिकाचं ताजं रक्त ते पाहत होते. एका गोल काळपट जंतूच्या कडेने बारीक धागे फुटले आणि सपासप हलू लागले. त्या हालचालीवरून लॅव्हरांची खात्री पटली की हा जिवंत जीव आहे आणि हिवताप खराब हवेने होत नाही, याच्यामुळे होतो. पण थांबा, डास तर तिथे नव्हताच. मग नर जागा कसा झाला? रक्त बोटातून काचेवर आलं, हवा लागली, थंड झालं. जंतूला वाटलं आपण डासाच्या पोटात पोचलो! १९०७ मध्ये लॅव्हरांना नोबेल पारितोषिक मिळालं. ते धागे म्हणजे नर आहेत आणि ते मादीत शिरतात, हे १८९७ मध्ये विल्यम मॅककॅलम यांनी अमेरिकेत कावळ्यांच्या रक्तातल्या जंतूंत पाहिलं.

त्याच १८९७ च्या २० ऑगस्टला आपल्या देशात, सिकंदराबादेत, रोनाल्ड रॉस यांनी डासाचं पोट फाडून त्याच्या भिंतीवर जंतूच्या गाठी पाहिल्या. त्या डासांना आपलं रक्त पाजलं होतं हुसेन खान नावाच्या रुग्णाने, चावणाऱ्या दर डासामागे एक आणा घेऊन. नर-मादी एक झाल्यावर जो जंतू बनतो तो डासाच्या पोटाची भिंत भेदून बाहेरच्या बाजूला ही गाठ करून बसतो. त्या गाठीत पुन्हा केंद्रकांच्या वाटण्या सुरू होतात आणि दीड-दोन आठवड्यांत एका गाठीतून हजारो टोकदार पिल्लं निघून डासाच्या लाळेत जातात. पुढच्या चाव्याबरोबर ती माणसात. तिथून यकृतात, तिथे एकाचे पुन्हा हजारो, आणि मग रक्तात. म्हणजे पाहा, या जिवाचं सगळं आयुष्य वाटण्यांवर वाटण्या करण्यात जातं आणि प्रत्येक मुक्कामी वाटणीची तऱ्हा वेगळी.

आणि इथेच त्याची दुखरी नस सापडते.

इंग्लंडात नॉटिंगहॅम विद्यापीठात रीटा तिवारी यांची प्रयोगशाळा आहे. तिथल्या लोकांनी ठरवलं की प्लाझमोडियमची सगळी कायनेसिनं एकेक करून तपासायची. उंदरांना हिवताप आणणारा बर्घेई जातीचा जंतू त्यांनी घेतला. माणसाच्या पेशींत कायनेसिनं चाळीसहून जास्त आहेत. या जंतूत निघाली फक्त नऊ. प्रत्येकाला चमकणारं प्रथिन जोडून ते केव्हा आणि कुठे जातं ते त्यांनी पाहिलं. मग जंतूच्या मजकुरातून एकेकाची कृती खोडून टाकली आणि काय बिघडतं ते पाहिलं.

कायनेसिन-८बी काढून टाकलं तेव्हा नराने आठ नकला नेमाने उतरवल्या, पण शेपट्या नीट बांधता आल्या नाहीत. नळ्यांची ती नऊ अधिक दोनची मांडणीच जमेना. शेपटी नाही म्हणून पोहणं नाही, पोहणं नाही म्हणून मादी नाही, आणि तिथेच वंश खुंटला. कायनेसिन-५ काढलं तेव्हा नर बाहेर पडले, पण पुढे डासाच्या पोटावरच्या गाठीत वाटण्या बिघडल्या आणि पिल्लांची संख्या फार घटली. कायनेसिन-८एक्स काढलं तर त्या गाठी वाढल्याच नाहीत. २०२२ मध्ये सगळ्या नऊ कायनेसिनांचा हिशेब छापून आला तेव्हा एक गोष्ट समोर आली, जी कुणाच्या मनात नव्हती. रक्तात वाढायला या जंतूला नऊपैकी फक्त एक कायनेसिन अगदी हवंच असतं, ते म्हणजे कायनेसिन-१३. बाकीच्या आठांची गरज पडते ती डासाच्या मुक्कामात.

याचा अर्थ कळला का रे बाळा? माणसाच्या अंगात ज्या जंतूशी आपण इतकी वर्षं झुंजतो आहोत, तो डासाच्या पोटात गेल्यावर आठ बाजूंनी उघडा पडतो. त्या वीस मिनिटांत त्याला इतक्या घाईने इतकं काम करावं लागतं, की एखादी मोटर बंद पडली तर सगळा डाव कोसळू शकतो. ज्या गोष्टीचं आपल्याला सगळ्यांत जास्त नवल वाटतं, तीच त्याला सगळ्यांत महाग पडणारी आहे. म्हणून शत्रूचं नवल वाटलं तर लाजू नये. ज्याला नवल वाटतं तो जवळ जाऊन निरखतो, आणि निरखणाऱ्यालाच कळतं की हात कुठे घालायचा.

रक्तातली वाटणीही अडवता येते का, हे आपल्या मुंबईत शोधलं गेलं आहे. त्याच टाटा संस्थेत शोभना शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जंतूच्या पी-२ नावाच्या एका प्रथिनाचा पाठपुरावा केला. या प्रथिनाचं नेहमीचं काम वेगळं, जंतूच्या आत नवी प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेतलं. पण जंतू तांबड्या पेशीत शिरल्यावर साधारण २६ ते ३० तासांनी, म्हणजे त्याच्या केंद्रकाची पहिली वाटणी व्हायच्या सुमाराला, हे प्रथिन चक्क त्या तांबड्या पेशीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर येतं. त्या वेळी बाहेरून पी-२ ला चिकटणारी प्रतिपिंडं टाकली, तर आतला जंतू पहिल्या वाटणीशीच अडकून पडतो. प्रतिपिंडं धुऊन काढली की बहुतेक जंतू पुन्हा कामाला लागतात. म्हणजे बाहेर काहीतरी घडलं आणि आतली वाटणी थांबली. २०१२ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं, आणि त्या निबंधाच्या लेखकांत नॉटिंगहॅमच्या रीटा तिवारींचंही नाव आहे. कुलाबा आणि नॉटिंगहॅम यांनी असं हातात हात घालून काम केलं.

आता तू विचारशील, मग या मोटर प्रथिनांना बंद पाडणारं औषध कुठे आहे? हिवतापासाठी असं औषध अजून दवाखान्यात आलेलं नाही. ते सोपंही नाही. कायनेसिनं आपल्याही पेशींत आहेत, त्यांना धक्का न लावता फक्त जंतूची मोटर अडवायची आहे. त्याची आणि आपली वाटणीची रीत जितकी निराळी, तितकी ही आशा मोठी. तोवर जुने उपाय आहेतच आणि त्यांत महाराष्ट्राचा वाटाही आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हिवतापाच्या ज्या आर-२१ लशीची शिफारस केली, ती ऑक्सफर्ड विद्यापीठाने पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटबरोबर तयार केली आहे. आणि मुंबईत हिवताप का पसरतो हे चार्ल्स बेंटली यांनी १९११ च्या अहवालात दाखवून दिलं, तेव्हा बोट ठेवलं ते विहिरींवर. शहरातला अॅनोफेलिस स्टिफेन्साय डास गटारात नव्हे, तर विहिरी आणि टाक्यांच्या स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. म्हणून सांगतो, गच्चीवरच्या टाकीला घट्ट झाकण हवं, पिंप आठवड्यातून एकदा रिकामं करून कोरडं व्हायला हवं, आणि किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होडीत पावसाचं पाणी साचू द्यायचं नाही. पाणी उपसणं हे होडी राखण्याइतकंच गाव राखण्याचंही काम आहे.

आणखी एक सांगतो आणि हे घरोघर सांगा. थंडी वाजून ताप आला की रक्त तपासून घ्यायचं. तपासणीत हिवताप निघाला की डॉक्टर औषध देतात आणि ताप दोन-तीन दिवसांत उतरतो. ताप उतरला की लोक गोळ्या डब्यात ठेवून देतात. तसं करायचं नाही. व्हायव्हॅक्स जातीचा जंतू यकृतात दडून बसतो आणि महिन्यांनी पुन्हा डोकं काढतो, म्हणून त्याला प्रायमाक्विनच्या गोळ्या १४ दिवस घ्याव्या लागतात. आणि फाल्सिपेरम असेल तर प्रायमाक्विनचा एकच डोस देतात. गरोदर बायांना आणि तान्ह्या मुलांना ही गोळी देत नाहीत, काही जणांच्या रक्ताला ती सोसत नाही, तेव्हा ती डॉक्टरांना विचारूनच घ्यायची.

तो एक डोस कशासाठी असतो ठाऊक आहे? ताप घालवायचं काम आधीच्या गोळ्यांनी केलेलं असतं. हा डोस मारतो रक्तात गप्प बसलेल्या त्या नर-मादीला, जे रोग्याला काहीच त्रास देत नाहीत आणि फक्त डासाची वाट पाहत असतात. ज्याने ती गोळी घेतली त्याला तिचा स्वतःसाठी काडीचाही उपयोग नाही. उपयोग आहे तो शेजारच्या घराला, कारण त्याला चावलेल्या डासाच्या पोटात मग ती वीस मिनिटं कधी सुरूच होत नाहीत. तेव्हा पोरांनो, घरात कुणी म्हणालं की आता बरं वाटतंय, ही गोळी कशाला, तर त्याला ही सगळी गोष्ट सांगा आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी घ्यायला लावा.